पाठ फिरवा

"आ करा बाबा. हा एवढाच," मुलगी म्हणाली आणि तिने चमचा बापाच्या ओठांना लावला. ओठ घट्ट मिटले. सूप हनुवटीवरून ओघळत रुमालावर आलं.

तिचे बाबा, सगळ्यांचे सर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, म्हणजे बसवलेले होते. पडद्यातून गाळून आलेलं ऊन मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. बायको गेल्यापासून ते असेच असायचे, धड झोपेत नाही, धड जागे नाहीत, आणि मधूनच वर्ग घ्यायचे. जनावरांच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर एकच विषय शिकवला होता. आजारी जनावराला खायला काय घालावं, आणि कसं. आता त्यांच्याच पोटात काही जात नव्हतं. आज काहीच गेलं नाही तर उद्या नाकातून नळी, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"बटाट्याचं सूप, ताई. त्यांचं सगळ्यात लाडकं. रोज करते," मुलगी दारात उभ्या असलेल्या बाईंना म्हणाली आणि तिला रडूच आलं. "दुनियेच्या कुत्र्यामांजरांना खाऊ घातलं, आणि माझ्या हातचा घास नको."

बाई सरांच्या विद्यार्थिनी. आता त्यांच्याच जागेवर, त्यांचाच विषय शिकवत होत्या. 'लाडकं' आणि 'रोज' हे शब्द ऐकून त्यांच्या कपाळावर आठी आली. स्टूल ओढून त्या सरांच्या समोर बसल्या, हात मांडीवर, पहिल्या बाकावर बसावं तशा.

"नवीन दिसतेस," सर म्हणाले. "या विषयात कशी आलीस?"

पहिल्या तासाला ते प्रत्येकाला हेच विचारत. बाईंनी तेव्हा दिलेलंच उत्तर दिलं.

"सर्जन व्हायचं होतं सर. हात चांगला होता. टाके छान पडायचे, पण कुत्रं पिंजऱ्यात झुरून मरायचं. तुम्ही जिन्यात गाठून म्हणालात, ऑपरेशन यशस्वी, पेशंट उपाशी."

"घरचे काय म्हणाले?"

"पोरीला डॉक्टर केलं, तरी शेवटी चुलीशीच गेली."

सर गालातल्या गालात हसले. "मी आधी कत्तलखान्यात तपासनीस होतो. पोटं उघडून बघायची नोकरी. मग प्राणिसंग्रहालयाच्या भटारखान्यात. मग खडू हातात आला. रिकामी पोटं इतकी पाहिली ना, की एखादं भरावंसं वाटलं."

मुलगी चमचा धरून ऐकत राहिली. आई गेल्यापासून ते एका दमात एवढं बोलले नव्हते.

"सर, एक केस आहे," बाई म्हणाल्या.

"बोल."

"म्हातारा बोका. सोबतीण गेली. तेव्हापासून तोंडात काही घेत नाही."

उन्हात धुळीचे कण तरंगत होते. सर त्या कणांकडे बघत राहिले. वर्गात किती जण आलेत ते बघत असावेत.

"भरवतंय कोण?"

"घरातली मुलगी. चमच्याने. त्याचं लाडकं."

"झालं!" सरांनी कपाळावर हात मारला. "मळमळत्या पोटात लाडकं कोंबलं की तेच नावडतं होतं. मग भरवणारा हातही नावडतो." मुलीने हळूच चमचा खाली ठेवला. सरांना तो आवाज ऐकू गेला असावा. "पण तिला बोल लावू नकोस हं. जीव लावते बिचारी, म्हणून तर जीव खाते."

"मग काय करू सर?"

"दुसरं काहीतरी दे. साधं. अंगाइतकं कोमट, मनगटावर लावून बघ. वाटी ठेवायची आणि पाठ फिरवायची. पाठ म्हणजे पाठ, काचेत बघायचं नाही. त्यालाही लाज असते." एवढं सांगून त्यांनी डोळे मिटले. तास संपला.

बाईंनी स्वयंपाकघरात गाजरं उकडली, कुस्करली, वर लोणी सोडलं. गरम लोण्याचा वास खोलीभर पसरला. मनगटावर थोडं लावून बघितलं आणि वाटी सरांच्या हाताशी, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. चमच्याची दांडी त्यांच्याकडे केली.

"चल," त्या मुलीला म्हणाल्या. "तिकडे तोंड कर."

"बाबांकडे पाठ फिरवू?" मुलगी जागची हलली नाही. "आई फिरवून गेली. आता मी पण?"

"तू कुठे जातेयस? इथेच तर आहेस."

दोघी समोरच्या काचेच्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यात आईचे कप होते, कानाला कान लावून मांडलेले. मुलीने बाईंचा हात धरला. मागे काहीच हललं नाही. ऊन सरकलं, पडदा फुगला आणि पुन्हा खाली बसला. आपण ही खोली बाहेरून, फार लांबून बघतोय असं मुलीला वाटायला लागलं.

मग तिची नजर कपांवरून काचेवर आली. काचेत खिडकी होती, उजेडाचा चौकोन होता, आणि एक पांढरं डोकं हळूहळू वाटीकडे वाकत होतं. तिने तोंडावर हात दाबला.

"काचेत कोण बघतंय?" मागून सर ओरडले.

त्यांच्या तोंडात घास होता.