कंपनीचा दवाखाना

तिसऱ्या बाईनंही तेच सांगितलं तेव्हा गीतांजलीनं लिहायचं थांबवलं.

"दवाखाना चांगला हाय. डाक्टर येलेवर येतो. औशिद फुकट मिलतं. आमची काय तक्रार नाय."

राजाबाई हे बोलली ती गीतांजलीकडे बघून नाही, तिच्या मागे उभ्या असलेल्या नर्सकडे बघून. उज्वला नर्स बँडेज गुंडाळत होती. तिनं हळूच मान हलवली. पाठांतर बरोबर आल्यावर शाळेतल्या बाई हलवतात तशी.

गीतांजली नेरूळची, एम.बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. कंपन्यांनी समाजासाठी काही करावं, हे तेव्हा कॉलेजात नव्यानंच बोललं जात होतं. तिनं संशोधनाला तोच विषय घेतला. द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डानं शेजारच्या गावात मोफत दवाखाना काढला होता. गावची मिठागरं यार्डात गेली, तेव्हा कंपनीनं भर सभेत तसा शब्द दिला होता. सोमवारी प्रस्ताव द्यायचा होता, आणि त्यावर कंपनीची सही नसेल तर गाइड तो हातातसुद्धा घेणार नव्हते.

तिला पहिला संशय आला तो यार्डाच्या पर्सोनेल मॅनेजर कर्णिकांचा. त्यांनी चहा मागवला, जीप दिली. वर म्हणाले, "शंका येतील त्या सगळ्या लिहा. आमची भीड धरू नका." कुठली कंपनी असं म्हणते? सगळ्यांची तोंडं आधीच बंद करून ठेवली असतील तरच. गावात येऊन बघते तर तसंच. आणि तोंडं बंद करणारी ही नर्स, कंपनीच्या पगारावरची.

घरी येऊन तिनं प्रस्ताव लिहून काढला. हात आखडता घेतला नाही. दवाखाना दिखाऊ आहे, लाभार्थी पढवलेले वाटतात, त्यांना खरोखर उपयोग होतो का, हेच तपासायला हवं.

शनिवारी ती कर्णिकांकडे गेली ती भांडायच्या तयारीनं. ते सही देणार नाहीत, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

कर्णिकांनी शांतपणे वाचलं. एका जागी थांबले, पुन्हा वाचलं. "लाभार्थी पढवलेले वाटतात. फर्स्ट क्लास!" त्यांनी पहिल्याच पानावर झोकात सही ठोकली. "कॉलेजचा शिक्का बसला की एक झेरॉक्स आम्हाला द्या. हेड ऑफिसला पाठवायचीय."

सही तर मिळाली. पण जिच्यावर आरोप केला ती कंपनीच खूश होती. जीप नको म्हणून ती उन्हातून चालत गावात गेली.

उज्वला दवाखान्याच्या ओट्यावर सुया उकळत होती.

"त्या बायकांना कोणी पढवलं?" गीतांजलीनं उभ्याउभ्याच विचारलं.

"मी."

"कंपनीनं सांगितलं म्हणून?"

उज्वलानं स्टोव्ह बारीक केला. "कंपनीला दवाखाना नकोय, ताई. इथं ट्रेलर उभे करायचेत. मोजणीवाले येऊन गेले. पण गावाला शब्द दिलाय ना, उगाच बंद करता येत नाही. बाहेरच्या कुणीतरी वाईट लिहिलं की झालं. म्हणून मी बायकांना म्हटलं, कॉलेजची बाई आली की नुसतं चांगलं बोला. वाकडा शब्द नको."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही साहेबांच्या जीपमधून आलात."

गीतांजलीनं दाराशी चपला काढल्या. आत बाकावर राजाबाई बसली होती. शेजारी तिची सून, आठवा लागलेली, प्रेशर तपासायला आलेली. गीतांजलीला बघताच राजाबाईनं सुरू केलं, "दवाखाना चांगला..."

"ते राहू द्या, मावशी. दवाखाना नव्हता तेव्हा काय करत होतात?"

राजाबाई सुनेच्या पायांच्या सुजेकडे बघत राहिली.

"थोरली लेक व्हती माजी," ती म्हणाली. "बालंतपनाला अडली. रातभर गाडी नाय मिलली. सकालचे पारी टेम्पोत घातली, उरनाच्या इस्पितलात न्याला. वाटंनच गेली. तिचं प्वार पन."

"हे मी लिहू का?"

राजाबाईनं उज्वलाकडे पाहिलं. उज्वला खाली बघत होती, तिनं मान हलवली नाही.

"लिव," राजाबाई म्हणाली. "माजं नाव घालून लिव."

तासाभरानं गीतांजली पुन्हा कर्णिकांच्या केबिनमध्ये होती.

"अरे वा. शिक्का मिळालासुद्धा?" त्यांनी हात पुढे केला.

तिनं सहीचं पान प्रस्तावातून फाडलं आणि त्यांच्या हातात दिलं. "विषय बदललाय, सर. दवाखाना बंद पडला तर गावाचं काय होईल, त्यावर लिहितेय."

कर्णिकांचं हसू मावळलं. "वर्ष वाया जाईल तुमचं. आमच्या परवानगीशिवाय तुम्ही लिहिणार काय?"

"परवानगी गावानं दिलीय, सर," गीतांजली खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "तुमची फक्त मुलाखत हवीय."