सोमवारचं मौन

"ज्यांचा विरोध असेल त्यांनी बोलावं," धनराज म्हणाला. "जे गप्प, त्यांची संमती धरतो."

सोसायटीच्या हॉलमध्ये जिलेबीच्या डब्यांची चाललेली खडखड थांबली. सव्वीस जानेवारी होती. खाली झेंडावंदन उरकून सगळे तसेच वर आले होते, शर्टांवर अजून कागदी झेंडे टाचलेले. प्रतिभाकाकू शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर पाटी होती. सोमवार होता आणि सोमवारी त्या बोलत नसत. यजमान गेल्यापासून अकरा वर्षं हे व्रत चाललं होतं. पहाटे कपालेश्वराचं दर्शन, मग संध्याकाळी देवापाशी दिवा लागेपर्यंत मौन. दूधवाल्याला किती पिशव्या हव्यात, तेही त्या पाटीवर लिहून दाखवत.

ठराव दोन होते. यंदाही निवडणूक घ्यायची नाही, वातावरण ठीक होईपर्यंत धनराजच अध्यक्ष राहील, हा पहिला. असं 'वातावरण' तीन वर्षं चाललं होतं. दुसरा ठराव काकूंच्या समोर राहणाऱ्या उज्वलाविषयी. निवडणूक घ्या म्हणून तिनं परस्पर सरकारी कचेरीत अर्ज दिला, सोसायटीची बदनामी केली. तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचं नाही, येणं-जाणं ठेवायचं नाही. जो ठेवील, त्यालाही हाच ठराव लागू.

जिच्याविषयी ठराव, तिनं बाहेर थांबायचं, असं ठरलं. उज्वला उठून निघाली, तेव्हा धनराजच्या गोटातल्या शेखरनं मागून आवाज दिला, "मॅडम, नागरिकशास्त्र शाळेत शिकवा. इथं आम्ही सगळे केव्हाच पास झालोय!" माणसं हसली. हसू नये असं वाटणारीही हसली.

खरं तर सभा नेहमी रविवारी व्हायची. मागच्या सभेत प्रतिभाकाकूच हलक्या आवाजात बोलल्या होत्या, "निवडणूक घेतली तर बिघडतं काय?" आणि चार-पाच माना हलल्या होत्या. यंदा सभा सोमवारी आली. "सुट्टी आहे ना, काकू," धनराज लिफ्टमध्ये म्हणाला होता. त्याचा अंबडला कारखाना होता, तिथली घाई त्याच्या बोलण्यातही असे. पण काकूंशी तो सावकाश बोलला. "तुमचं व्रत मोडायला नको. तुम्ही नुसतं येऊन बसा."

काकूंनी पेन्सिल घेतली. पाटीवर लिहिलं, 'नाही.' अक्षर नेहमीसारखं गोल आलं. आता पाटी वर धरायची, एवढंच उरलं होतं.

आधी दुसरं कुणीतरी बोलू दे, असं त्यांच्या मनात आलं. पुढे सहादूअण्णा बसले होते. त्यांच्या नातीला उज्वला रोज संध्याकाळी गणित शिकवायची. अण्णा नक्की बोलतील. अण्णा खाली मान घालून पाकाची बोटं पुसत राहिले. एकेक बोट, अगदी निगुतीनं. मग धनराजची नजर रांगांवरून सरकत सरकत मागे येऊ लागली.

काकूंनी पाटी मांडीवर उलटी केली. माझं मौन आहे, त्या मनात म्हणाल्या. महादेवाला ठाऊक आहे.

"एकमतानं मंजूर," धनराज म्हणाला. टाळ्या झाल्या.

संध्याकाळी त्यांनी दिवा लावला. मौन देवापुढं सोडायचं नाही, ही त्यांच्या सासूबाईंची शिकवण. "देवाशी तर तू दिवसभर बोलतेसच गं. मौन माणसापाशी सोडावं." ते माणूस म्हणजे समोरच्या दारातली उज्वला. दिवा दिसला की ती वाटीत गूळ-दाणे घेऊन यायची, म्हणायची, "काकू, सोडा आता." मग काकू जेवणवेळेपर्यंत बोलत बसायच्या. आठवड्याचं साठलेलं सगळं. घरात दुसरं कुणी नव्हतंच.

आज वाटी आली नाही. दोघींसाठी टाकलेला चहा गार झाला. अर्ध्या तासानं काकू उठल्या, सवयीनं पाटी घेतली आणि समोरची बेल वाजवली.

उज्वलानं दार उघडलं. आधी तिनं लिफ्टवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. आत टेबलावर वाटी भरून ठेवलेली दिसत होती.

"येणार होते," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मी आले असते आणि तुम्ही बोलला असतात, म्हणजे तुम्हालाही तो ठराव लागला असता. खाली नोटीस लावलीय त्यांनी. एकमतानं, असं लिहिलंय." मग तिला काकूंचीच दया आली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. सोमवार होता. तुमचं मौन होतं, तुमचा काय इलाज!"

तिनं आतून वाटी आणली. ती घ्यायला काकूंनी हात पुढं केला आणि काखेतली पाटी फिरली. सकाळचं अक्षर तसंच होतं.

उज्वलानं ते वाचलं. एकच शब्द होता, पण तिला वाचायला बराच वेळ लागला.

"हे हॉलमध्ये लिहिलंत?"

काकूंनी मान डोलावली.

"पाटी नुसती वर धरली असती, तर मौन मोडलं असतं का, काकू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. उत्तरासाठी ती थांबलीही नाही. वाटी काकूंच्या हातात नीट टेकवली आणि आवाज न करता दार लोटून घेतलं.

"नाही," प्रतिभाकाकू म्हणाल्या, तेव्हा समोर माणूस नव्हतं, नुसतं दार होतं.