बरणीतली हवा

"हलवा की जोरानं, पावणं! बरणी हाय, नवरी न्हाय!"

करीम मिस्त्री असं म्हणाला आणि कट्ट्यावर बसलेले शेजारी खो खो हसले. निसारही हसला. त्यानं काचेची बरणी दोन्ही हातांत धरून पुन्हा आडवी-उभी घुसळली.

बरणीत खाली ओलं काँक्रीट, वर गळ्यापर्यंत पाणी आणि फेस बसायला थोडं स्पिरिट. मालात अडकलेली हवा निघून गेली की पाणी खाली उतरतं. जेवढं उतरलं तेवढी हवा. धरणाच्या कामावर निसार रोज हेच करायचा.

आज अंगणात हा उद्योग मांडला तो करीमच्या हौसेनं. तीस वर्षं लोकांची घरं बांधून झाली, उद्या त्याच्या स्वतःच्या घराचा स्लॅब होता. होणाऱ्या जावयाच्या तोंडून आपल्या मालाची तारीफ ऐकायची होती गड्याला. त्याच्या लेकीनं, नजीरानं पाणी आणून दिलं, त्याच पाण्यात करीमनं स्वतः घमेल्यात माल कालवला.

निसारचा जीव नजीरावर कधीच जडला होता. तिनं मात्र अजून हो म्हटलं नव्हतं. "माणूस कळल्याबिगर कसं सांगू?" एवढंच म्हणायची.

निसारनं बरणीला पट्टी लावली. परत लावली. त्याचा चेहराच उतरला.

"चाचा, नऊ टक्के हवा हाय. दोन-तीनच्या वर चालत न्हाय. हा माल स्लॅबला घालू नका."

कट्ट्यावरचं हसू थांबलं. करीमचे कान लाल झाले.

"माझा माल पोकळ? अरं, तुझ्या पट्टीतच खोट असंल! तीन म्हण आन् जेवायला चल, मटण निवतंय."

निसारनं दारात उभ्या नजीराकडं एकदा पाहिलं. काय हातचं जाणार ते त्याला कळत होतं.

"नऊच हाय, चाचा. त्या छताखाली तुमचीच माणसं झोपणार की."

"मग उठ! चार माणसांत माझी अब्रू काढणारा जावई मला नको!"

निसारनं बरणी धुतली, चपला घातल्या आणि मान खाली घालून निघाला.

करीम धुसफुसत आत आला. "मोडलं एकदाचं!"

"अब्बा, पळा, त्यांना माघारी बोलवा," नजीरा म्हणाली. "माणूस कळला. माझा होकार हाय."

"आन् उद्याचा स्लॅब?"

"टाका की बिनघोर. आज मी दिलेल्या पाण्यात फेसासाठी रिठं कुस्करलं हुतं."