ऐकून न ऐकल्यासारखं

"नुसती सही करायची होती ना? केली. आता चल," बाबा म्हणाले आणि पुन्हा खुर्चीतून उठले.

मुलीने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. बंद पडलेल्या खिळ्यांच्या कारखान्याची कागदपत्रं या खोलीत ठेवली होती. कामगाराचं कार्ड बघायचं तर त्याच्या मुलाची नाहीतर मुलीची सही लागत होती, म्हणून म्हाताऱ्याला आणणं भाग होतं. घराण्याचा माग काढायचं खूळ मुलीचं. बाबांच्या मते खिळे पाडणाऱ्या माणसाचं कसलं आलंय घराणं.

कार्ड घेऊन आलेल्या बाई हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. बाबा तोंडभर हसले. "हो, हो," म्हणाले.

"बाबा, त्या त्यांचं पेन परत मागतायत."

बाबांनी खिशातलं पेन काढून दिलं आणि कानातलं मशीन चाचपलं. मशीनने बारीक शिट्टी मारली. आसपास वाचत बसलेल्या दोघातिघांनी माना वर केल्या.

"मला जे हवंय ते त्या कार्डात नसणार," बाबा म्हणाले.

काय हवंय ते मुलीला पाठ होतं, पण बाबा सांगितल्याशिवाय थोडेच राहणार.

"आदल्या रात्री तात्यांशी शब्दाला शब्द वाढला होता. सकाळी मी घर सोडलं. तरी म्हटलं, बापाला सांगून जावं. कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. पाळी सुटली, गर्दीत तात्यांची पाठ दिसली. बेंबीच्या देठापासून हाका मारल्या. सगळं फाटक वळून बघायला लागलं. तात्या वळले नाहीत. ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गेले निघून."

त्यानंतर बाबा त्या घरी कधी गेले नव्हते. तात्या वारल्याचा निरोप आला तेव्हाही नाही. राग त्यांनी कधी शिळा होऊ दिला नव्हता.

मुलगी कार्ड वाचू लागली. बाबांना ऐकू जावं आणि बाईंनी डोळे वटारू नयेत, या दोन्हींच्या मधला आवाज काही तिला सापडत नव्हता. "खातं, खिळे पाडण्याचं. यंत्रावरच होते पहिल्यापासून."

"तिथे उभं राहवत नसे. डबा द्यायला जायचो तर कानठळ्या बसायच्या." बाबांचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. "झालं?"

"मागे शेरे आहेत. 'सुटीचा भोंगा होऊनही यंत्र चालू ठेवले. ताकीद.'"

"बघ. घराची ओढ किती."

"'कामाचा भोंगा झाला तरी झाडाखाली जेवत बसला. ताकीद.'"

"कामसू होते की कामचुकार, एक काय ते ठरवा म्हणावं," बाबा म्हणाले आणि टेबलावर हात टेकून उठायला लागले.

"'साहेबांनी जाब विचारला असता नुसता हसला, हो हो म्हणाला. उर्मट. शेवटची ताकीद.'"

बाबा अर्धवट उठलेले तसेच राहिले.

"परत वाच."

मुलीने तिसरा शेरा परत वाचला.

"तेवढंच नको. पहिल्यापासून."

ती पहिल्यापासून वाचत गेली. वाचता वाचता तिचाच आवाज हळू झाला, आणि तरीही बाबांनी मोठ्याने वाच म्हणून सांगितलं नाही.

"कधीचं आहे हे?"

"तुम्ही घर सोडलंत त्याच्या आदल्या वर्षीचं."

बाबा खाली बसले. पाय हलायचा थांबला होता. "आई त्यांच्याशी कायम ओरडूनच बोलायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, कजाग आहे."

"पण मग आजोबांनी कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं." बाबांनी कार्ड स्वतःकडे ओढलं, पालथं केलं, पुन्हा उलटलं. "मला सांगायचं होतं. मला सांगायला काय झालं होतं?"

हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. जन्मभर सांभाळलेला राग आता ठेवायचा कुठे, तेच त्यांना समजत नव्हतं. त्यांनी शर्टाचं बटण उघडलं, लावलं, परत उघडलं. मग कानातलं मशीन काढून कार्डावर ठेवलं आणि ते उठले.

"बाबा, कुठे निघालात?"

ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले.

"एवढंच अंतर होतं," ते तिकडूनच म्हणाले. "मार हाक."

"बाबा," मुलगी म्हणाली.

मग जरा मोठ्याने, "बाबा."

बाबांची बोटं दाराच्या चौकटीवर चुळबुळत होती. पाठ मात्र हलली नाही. मुलगी उभी राहिली आणि तिने बेंबीच्या देठापासून हाक मारली. खोलीतली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"मार की," बाबा दाराकडे बघतच म्हणाले.