जाऊन ये

ग्वाल्हेरहून ऋषिकेशला आलेले गुरुप्रसाद आणि सीमंतिनी लाइफजॅकेट घालून राफ्टिंगसाठी उभे होते. “किसी को दिल की बीमारी?” गाईडने विचारलं. गुरुप्रसादांची बायपास गेल्याच वर्षी झालेली. सीमंतिनीने त्यांच्याकडे पाहिलं. अखेर त्यांनीच हात वर केला. “मग मी पण नाही जात,” ती म्हणाली. “लग्नापासून हेच ऐकतोय. जाऊन ये.” ती गेली. टॉवेल घेऊन ते जीपने, राफ्ट जिथे थांबणार होती त्या खालच्या किनाऱ्यावर पोचले. काल जंगलसफारीत नुसते मोर दिसले होते. इथे समोरच्या खडकावर पाणमांजरांची जोडी मासा खात होती. सांगायला शेजारी कुणी नव्हतं. तेवढ्यात राफ्ट आली. पुढे सीमंतिनी, चिंब भिजलेली. “अहो, लहर सरळ डोक्यावरून गेली!” “आधी माझं ऐक, पाणमांजरं दिसली!” “माझ्याशिवाय?” किनाऱ्यावरच्या टपरीवर घेतलेला चहा गार झाला, तरी आधी कुणी सांगायचं ते ठरेना.