उलटा पट्टा

लग्नाच्या मांडवातच थोरल्या नणंदेनं शेवंताच्या मनगटावर काळा पट्टा चढवला आणि जोडीचा पांढरा स्वतःच्या. तेव्हापासून पळायची नणंद आणि तिचा दम लागायचा शेवंताला. पदकं तिच्या गळ्यात, अंथरूण हिच्या नशिबात. अखेर सात वर्षांनी कोर्टानं तितकीच वर्षं पट्टे उलटे बांधायचा हुकूम दिला.

माहेरी शर्यती मारणारी शेवंता आज पुन्हा सरावाला उतरली. तलाव पोहून हसत वर आली, तर काठावर खुर्चीत बसलेली नणंद धापा टाकत होती.

"शेवंता, पुरे गं! जीव जाईल माझा."

"जात नाही, वन्सं. माझा गेला का?" शेवंतानं सायकलवर टांग टाकली. "सायकल झाली की पळायचंय अजून."

"मग सपाटीनं तरी जा, बाई!"

शेवंतानं मान डोलावली आणि जोतिबाच्या चढाला सायकल घातली.