दोरीवरची गोधडी

श्रीवर्धनच्या शाळेत म्हाताऱ्यांचं नाटक होतं. ते बसवणाऱ्या प्रणालीताईंची अट एकच होती: ज्यानं त्यानं आपल्या शरीराबद्दल बोलायचं आणि खरं तेच सांगायचं. एकानं कवळी काढून दाखवली, टाळ्या पडल्या. एकीनं गुडघे वाजवून दाखवले, त्यांनाही पडल्या. मग बायजाबाई पुढे आल्या.

"आमच्या दोरीवर रोज गोधडी वाळत दिसते, म्हणून आळीत कुजबुज चालते. तर ऐका, ती मी ओली करते. वय झालं, व्हतं असं. अजून कायी विचारायचं हाय?"

लोक आधी हसले आणि मग टाळ्या वाजवत सगळेच्या सगळे उठून उभे राहिले. फक्त बायजाबाईंचे यजमान, माजी नगराध्यक्ष कोंडाजीराव, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसून होते.

"अण्णा, उठा की!" मागून कोणीतरी म्हणालं. "बायकोसाठी उभं ऱ्हायला लाज वाटते व्हय?"

कोंडाजीरावांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले. ते काही उठले नाहीत.

ताईंनी सत्काराचा नारळ देऊन बायजाबाईंच्या खांद्यावर शाल घातली, तशा त्या नारळ तिथंच ठेवून खाली उतरल्या. शाल त्यांनी यजमानांच्या मांडीवर पसरली, दोन्ही बाजूंनी नीट खोचली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या,

"लोक पांगले की उठू. खुर्ची मी पुसते."